आगमनकाळाचे चार आठवडे: स्वभाव घडवायला नेमकं काय करायचं?

तरुणसंघ_भायखळा

सर्वांना सलाम. मंडळीच्या तरुण संघासाठी आगमनकाळाची, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांची, आखणी करतो आहे, जाणकारांची मदत हवी.

संघात बावीस ते पस्तीस वयाचे पंधरा-सोळा जण आहेत. बहुतेक नोकरदार, कुणी डोंबिवलीहून येतं, कुणी नालासोपाऱ्याहून. दोघी नर्स आहेत, त्यांना रात्रपाळी असते. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे जास्त, थोडे मेथडिस्ट, तीन कॅथलिक. डिसेंबर उजाडला की कॅरलची (नाताळच्या गीतांची) तालीम, नाटिका, सजावट, फेरी आणि केक यांतच महिना सरतो. हे सगळं हवंच. पण त्यातून माणूस आतून ख्रिस्तासारखा होतो आहे का, हे कुणी विचारत नाही.

विचार असा आहे: गलतीकरांस पत्र ५:२२-२३ मधली पवित्र आत्म्याची नऊ फळं, म्हणजे प्रीती, आनंद, शांती असे नऊ गुण, घ्यायची, तक्ता करून भिंतीला लावायचा आणि दर तीन दिवसांना एका फळाचा सराव करायचा. सकाळी पंधरा मिनिटं आणि रात्री दहा मिनिटं, एवढाच वेळ प्रत्येकाकडे आहे असं धरा. ही पद्धत चालेल का? नसेल तर काय करावं? "नम्र व्हा, क्षमा करा" हे सगळ्यांना पाठ आहे. मंगळवारी सकाळी उठून नेमकं काय करायचं, ते सांगा.

माझगावकर

तक्ता लावू नका. नऊ गुण सत्तावीस दिवसांत फिरवले की प्रत्येकाची तोंडओळख होते, सवय एकाचीही लागत नाही. शिवाय तक्ता भिंतीवर आला की माणूस स्वतःकडे बघायचं सोडून दुसऱ्याच्या खुणा वाचायला लागतो.

एकच दोष घ्या आणि तो पूर्ण आगमनकाळभर धरा. संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात यासाठी एक पद्धत घालून दिली आहे, तिला खास परीक्षण म्हणतात. त्यात प्रॉटेस्टंट माणसाला अडचण वाटावी असं काही नाही, त्यामुळे तुमच्या मिश्र गटाला ती चालेल.

पहिलं काम निवडीचं. आगमनकाळ सुरू होण्याआधीचे गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार फक्त टिपण करायचं. चिडणं, टोमणा, खोटं कारण, टाळाटाळ, जे घडलं ते एका ओळीत लिहायचं. वेळ, जागा आणि माणूस यांसह. शनिवारी रात्री वाचायला बसलं की एखादी गोष्ट तीन-चारदा आलेली दिसते. तीच घ्यायची. सर्वांत मोठं पाप शोधत बसू नका. सर्वांत जास्त वेळा येणारा दोष शोधा.

मग त्याला नीट नाव द्यायचं. "राग" हे नाव फार मोठं आहे, ते हातात येत नाही. "कामावरून घरी आल्यावर पहिल्या अर्ध्या तासात आईला तुटक उत्तर देणं" हे हातात येतं. "अहंकार" असं लिहू नका, "मीटिंगमध्ये दुसऱ्याचं वाक्य मधेच तोडणं" असं लिहा.

तिसरं, त्या दोषाच्या जागी काय ठेवायचं ते ठरवायचं. इथे बहुतेकांचं चुकतं. मत्तय १२:४३-४५ मध्ये झाडून लोटून रिकामं ठेवलेलं घर आहे. त्या घराची शेवटची अवस्था पहिल्यापेक्षा वाईट होते. म्हणून "तुटक बोलणार नाही" एवढा संकल्प पुरत नाही. वरच्या उदाहरणात असं करता येईल: दाराबाहेर जिन्यात थांबायचं, फोन बॅगेत टाकायचा, चप्पल काढायच्या आधी प्रभूची प्रार्थना एकदा सावकाश म्हणायची. अर्धं मिनिट लागतं. मग बेल दाबायची. आत गेल्यावर तोंडातून निघणारं पहिलं वाक्य आईची चौकशी करणारं हवं, आणि तिचं उत्तर संपेपर्यंत उभं राहायचं. पाय धुवायला नंतर जा.

नोंद अशी: एका कागदावर प्रत्येक वाराला दोन ओळी, एक दुपारची आणि एक रात्रीची. सकाळी उठल्यावर त्या एका गोष्टीसाठी देवाकडे मदत मागायची. दुपारी जेवल्यावर मागचे तास आठवायचे, जितक्या वेळा चुकलं तितके ठिपके वरच्या ओळीत. रात्री तसंच खालच्या ओळीत. इग्नेशियस सांगतात की चूक घडली त्याच क्षणी छातीवर हात ठेवून मनात खेद करावा. लोकलच्या गर्दीतही हे जमतं, शेजारच्याला कळतही नाही. दुपारची ओळ रात्रीच्या ओळीशी ताडून पाहायची, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी.

बिघडतं कुठे, ते आधीच गटाला सांगून ठेवा. पहिल्या आठवड्यात ठिपके वाढतात. दोष वाढलेला नसतो, नजर उघडलेली असते. अनेकजण नेमके इथेच सोडून देतात. दुसरं, आठवडाभराचे ठिपके रविवारी आठवून भरले तर तो कागद निरुपयोगी आहे, फाडून नवा घ्या. तिसरी गोष्ट जरा लपलेली आहे: आईशी बोलणंच टाळलं की ठिपके शून्य होतात. म्हणून ओळीच्या शेवटी एक छोटी रेघ ठेवा, ठरवलेली कृती केली की त्यावर बरोबरची खूण. शून्य ठिपके आणि खूण नाही, तर तो दिवस रिकामा गेला असं समजायचं.

नर्सताईंनी दिवस कॅलेंडरचा धरू नये, पाळीचा धरावा. पाळीच्या मध्ये चहाला बसाल ती तुमची दुपार.

गिरगाव_वाचक

माझगावकरांशी पूर्ण सहमत. सकाळच्या पंधरा मिनिटांत वाचायचं काय, ते मी सांगतो.

लूकच्या शुभवर्तमानाचे अध्याय चोवीस, म्हणून १ ते २४ डिसेंबर रोज एक अध्याय वाचायची पद्धत बऱ्याच मंडळ्यांत आहे. वाचनाची सवय लावायला ती उत्तम. पण तुमच्या कामासाठी खुराक जास्त होतो. पहिल्याच अध्यायात ८० वचनं आहेत, बाविसाव्यात ७१. पंधरा मिनिटांत वाचून होतं, मनात काही थांबत नाही.

त्याऐवजी आठवड्याला एक माणूस घ्या आणि तोच उतारा सातही दिवस वाचा.

पहिल्या आठवड्यात जखऱ्या, लूक १:५-२५ आणि ५७-८०. वयस्कर याजक, आज्ञा पाळण्यात निर्दोष, आणि स्वतःचीच प्रार्थना ऐकली गेल्यावर विश्वास बसत नाही. म्हणून मुलाचं नाव ठेवेपर्यंत त्याची वाचा जाते. ती उघडल्यावर पहिला शब्द स्तुतीचा. या आठवड्याचा सराव शांत बसण्याचा आहे: पंधरापैकी दहा मिनिटं वाचणं नाही, मागणं नाही, फोन दुसऱ्या खोलीत. दुसरी खोलीच नसेल तर (मुंबईत अर्ध्यांना नसते) गच्चीचा जिना चालतो, किंवा पहाटेची गाडी. कानात इअरफोन घाला आणि गाणं लावू नका, कुणी बोलायला येत नाही.

दुसऱ्या आठवड्यात बाप्तिस्मा करणारा योहान, लूक ३:१-१८. याबद्दल दुसरं कुणी सविस्तर लिहील असं वाटतं, कारण पैशाची गोष्ट तिथेच येते.

तिसरा आठवडा मरीयेचा, लूक १:२६-५६. देवदूताचा निरोप आल्यावर ती लगबगीने डोंगराळ प्रदेशात अलीशिबेकडे जाते आणि सुमारे तीन महिने राहते. गर्भारपणातल्या म्हाताऱ्या नातलगाच्या घरी तीन महिने! आपण केकचा डबा देऊन वीस मिनिटांत निघतो. या आठवड्यात प्रत्येकाने एका आजारी, गरोदर किंवा एकट्या माणसाच्या घरी दोन तास जायचं आणि काम करायचं: औषधं वारांप्रमाणे लावून देणं, बँकेचं पासबुक भरून आणणं, पंखे पुसणं, डॉक्टरकडे नेणं. जाण्याआधी फोन करून "काय काम आहे?" असं विचारा. "काही लागलं तर सांगा" म्हटलं की कुणी सांगत नाही.

चौथा योसेफ, मत्तय १:१८-२५. त्याचा एकही शब्द शुभवर्तमानात नाही. मरीयेची बेअब्रू होऊ नये म्हणून तो गुपचूप सोडून द्यायचं ठरवतो, आणि स्वप्नात देवदूताचं सांगणं आल्यावर उठून तसं करतो. सराव एकच: समोर नसलेल्या माणसाच्या चुकीबद्दल बोलायचं नाही. ग्रुपवरही नाही.

आखणी करताना एक हिशेब लक्षात ठेवा. आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये कधीही येतो, त्यामुळे चौथा आठवडा कधी पुरता सात दिवसांचा, तर कधी एका दिवसाचाच. २४ डिसेंबरला रविवार आला तर सकाळी चौथ्या रविवारची मेणबत्ती आणि संध्याकाळी नाताळ. म्हणून जड काम चौथ्या आठवड्यावर ढकलू नका. तुमच्या तीन कॅथलिकांना सोपं आहे: १७ डिसेंबरपासून रोजच्या मिस्सातलं (कॅथलिक उपासनेतलं) शुभवर्तमान थेट जन्माकडे वळतं, १८ तारखेला योसेफाचाच उतारा असतो.

परळकर

दुसऱ्या आठवड्याबद्दल लिहितो.

लूक ३:१०-१४ मध्ये लोक योहानाला हाच प्रश्न विचारतात जो तुम्ही इथे विचारला: आम्ही काय करावं? तो मंदिरात या म्हणत नाही, उपास करा म्हणत नाही. दोन अंगरखे असतील त्याने नसलेल्याला एक द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायांनी कुणाला धाकाने लुबाडू नये, खोटा आरोप करू नये, आपल्या पगारात समाधानी असावं. जकातदारांना आणि शिपायांना दिलेली उत्तरं ज्याच्या त्याच्या धंद्यातली आहेत. तेव्हा तुमच्या गटातल्या प्रत्येकाने आपल्या धंद्याचं उत्तर शोधावं. ऑफिसात असेल तर प्रवासखर्चाचं बिल खऱ्या भाड्याचं. विक्रीत असेल तर ग्राहकाला परताव्याचा नियम पैसे घेण्याआधी सांगणं. शिकवणी घेणाऱ्याने चुकलेला तास भरून देणं.

घरातल्या पैशाचं आता. एका कागदावर नाताळचा सगळा खर्च आधी लिहून काढा: कपडे, फराळ, केक, भेटवस्तू, सजावट, प्रवास. बेरीज करा. त्यातला दहावा हिस्सा १० डिसेंबरच्या आत बाहेर काढून देऊन टाका. २० तारखेनंतर द्यायचं ठेवलं की उरेल ते दिलं जातं, आणि उरत काहीच नाही. दिल्यावर बाकीच्या नऊ हिश्श्यांत नाताळ बसवा. कात्री कुठे लावायची ते आपोआप कळतं.

घरकामाला येणाऱ्या ताईंचं उदाहरण घेतो, कारण चारित्र्य तिथे चटकन उघडं पडतं. २५ तारखेला घरी बारा माणसं जेवायला आणि ताईंनी नेहमीच्या पगारात सगळी भांडी घासायची, हे ख्रिस्तजन्माच्या दिवशी आपण सहज करतो. पहिल्या आठवड्यातच त्यांना विचारा: २५ आणि २६ला सुटी हवी की यायचं आहे? येणार असतील तर जादा कामाचे पैसे किती, ते आधी ठरवा आणि त्याच दिवशी हातात द्या. "नाही जमणार" म्हणाल्या तर तोंड वाकडं न करता मान्य करा. आधी घेतलेली उचल डिसेंबरच्या पगारातून कापू नका, जानेवारीपासून कापा. इमारतीच्या वॉचमनचं नाव माहीत नसेल तर आजच विचारून घ्या.

कपडे द्यायचे तर धुऊन, इस्त्री करून, बटणं आणि चेन तपासून. आपल्याला कुणाच्या समोर घालायला लाज वाटेल असा कपडा दानाच्या पिशवीत टाकायचा नाही. माप विचारून घ्या.

रेशनची पिशवी द्यायची असेल तर चार माणसांच्या घराला आठवडाभर पुरेल असं धरा: तांदूळ ५ किलो, पीठ ५ किलो, तूरडाळ १ किलो, तेल १ लिटर, साखर १ किलो, चहा २५० ग्रॅम, मीठ, हळद, तिखट. घरी पोचवायला दोघांनी जावं, जास्त नको. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी १८३३ पासून गरिबांच्या घरी दोघा-दोघांनी जाण्याची ही रीत पाळते. तुमच्या कॅथलिक मंडळींच्या पॅरिशमध्ये (स्थानिक चर्चमध्ये) तिची शाखा असेल तर खरी गरज कुठे आहे ते तिथे कळेल. फोटो नको, बॅनर नको, पिशवीवर संघाचं नाव नको. मत्तय ६:३ मध्ये डाव्या हाताला कळू देऊ नका असं स्पष्ट सांगितलं आहे.

आणि परळला टाटा हॉस्पिटलबाहेर केक वाटायला जाणाऱ्या गटांना कळकळीची विनंती. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती खाली आलेली असते, उघडं किंवा बाहेरचं अन्न त्याला बाधू शकतं. आधी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारा. बहुतेक वेळा गाडीभाडं, औषधाचे पैसे, राहण्याची सोय यांची गरज केकपेक्षा कितीतरी मोठी असते.

गावठाणकर

सगळं छान, पण एक गोष्ट राहून गेली तर बाकीचं पोकळ आहे. मत्तय ५:२३-२४. वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. आपल्या गावठाणांत घराच्या वाटपावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत आणि एकाच मिस्साला दोन टोकांच्या बाकांवर बसतात.

हे काम दुसऱ्या रविवारच्या आत करावं. २४च्या रात्री उपासनेनंतर मिठी मारून नाही. तेव्हा समोरच्याला नाही म्हणायची सोय नसते, सगळे बघत असतात.

कसं करायचं: प्रत्यक्ष जा, नाहीच जमलं तर फोन. व्हॉट्सॲपवर नको, आणि "वर्षभरात कळत-नकळत कुणाचं मन दुखावलं असेल तर माफ करा" हा सगळ्यांना पाठवायचा निरोप तर मुळीच नको. त्यात ना चूक असते ना माणूस. तीनच वाक्यं तयार करून जा. मी अमुक केलं. त्याने तुझं हे नुकसान झालं. ते भरून काढायला मी हे करीन. कुठेही "पण" येऊ द्यायचा नाही. "पण" आला की पुढचं सगळं वकिली होतं. जक्कय या जकातदाराने लूक १९:८ मध्ये क्षमा मागितल्याचं लिहिलेलंच नाही, चौपट परत देतो असं तो म्हणाला. उसने घेतलेले पैसे असतील तर पाकीट बरोबर न्या, निदान पहिला हप्ता.

समोरचा लगेच विरघळला नाही तर ते अपयश नव्हे. "तुला वेळ हवा तितका घे" म्हणून निघा. पुन्हा-पुन्हा फोन करून क्षमेचा तगादा लावणं हाही त्रासच आहे.

कोर्टात दावा चालू असेल तर माफी फक्त बोलण्या-वागण्याची मागा. वाटपाचा विषय त्याच भेटीत काढू नका आणि कागदावर काही लिहून देण्याआधी आपल्या वकिलाशी बोला. ज्या घरात मारहाण होते तिथे परत जाणं म्हणजे क्षमा नव्हे. सूड मनातून काढता येतो आणि दार बंदही ठेवता येतं. अशा बाईला "नाताळ आहे, जुळवून घे" असं कुणी सांगू नये. महिलांसाठी १८१ हा हेल्पलाइन क्रमांक आहे, तो द्यावा.

कॅथलिकांनी प्रायश्चित्त संस्कारासाठी (फादरांपुढे पाप कबूल करण्यासाठी) शेवटच्या दोन-तीन दिवसांची वाट पाहू नये. तेव्हा रांगा लांब असतात, फादरांना प्रत्येकाला मोजकी मिनिटंच देता येतात. पहिल्या पंधरवड्यात वेळ मागून घ्या आणि माझगावकरांनी सांगितलेला कागद आधी वाचून जा.

शीव_बायबलवर्ग

मला या ठिपक्यांची काळजी वाटते. इफिसकरांस २:८-९ काय सांगतं? तारण कृपेने, कर्मांनी नाही. तरुण मुलं कागद भरत बसली तर एक तर फुगतील किंवा खचतील. योहान १५:४ प्रमाणे फाटा वेलात राहिला तरच फळ येतं. आधी प्रार्थना, आधी देवाचं प्रेम. वागणं मागून येईल.

माझगावकर

@शीव_बायबलवर्ग तुमची काळजी रास्त आहे, आणि म्हणूनच सकाळची मदत मागण्याची पायरी गाळायची नाही. इफिसकरांस पत्रातलं पुढचं वचन, दहावं, सत्कृत्यं करण्यासाठीच आपल्याला निर्माण केलं असं म्हणतं. तो कागद देवाला दाखवायचा हिशेब नाहीच. मदत कशासाठी मागायची ते नेमकं कळावं, यासाठी तो आहे. "प्रभू, मला चांगलं कर" आणि "प्रभू, आज सात वाजता दारात माझी जीभ सांभाळ", यांतली दुसरी प्रार्थना ऐकली गेली की नाही हे रात्री कळतं आणि मग आभार मानायला खरं कारण मिळतं.

पण एक सूचना मीही जोडतो. काही माणसं मुळातच पापाच्या विचाराने अति धास्तावणारी असतात. ठिपके बघून झोप उडणं, तेच पाप पुन्हा-पुन्हा कबूल करणं, क्षमा मिळाली यावर विश्वासच न बसणं, असं दिसलं तर त्या व्यक्तीचा कागद ताबडतोब बंद करा. तिने रात्री फक्त तीन आभार लिहावेत. पाळकसाहेबांशी किंवा फादरांशी बोलावं, आणि त्रास उतरत नसेल तर समुपदेशकाशी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

ओर्लेम_आई

लहान मुलांसाठी यातलं काय चालेल? घरी सात आणि दहा वर्षांची दोन आहेत.

चारकोप_संडेस्कूल

ताई, मुलांना परीक्षण वगैरे नको. त्यांच्यासाठी रिकामी गव्हाण ठेवा. सुकं गवत किंवा पिवळ्या कागदाच्या बोटभर लांब पट्ट्या एका वाटीत, बाजूला गव्हाण. चांगलं काम केलं की एक काडी आत, म्हणजे बाळाला मऊ अंथरूण. मुलांना हे फार आवडतं आणि चौथ्या दिवशी बिघडतं, कारण "माझ्या अकरा, तुझ्या सातच" सुरू होतं. म्हणून नियम उलटा करा: ज्याच्यासाठी काम झालं त्याने काडी टाकायची, आणि कुणासाठी ते सांगायचं नाही. धाकट्याने पाणी आणून दिलं तर थोरली काडी टाकेल. मग मुलं दुसऱ्याचं चांगलं बघायला शिकतात. बाळ येशूची मूर्ती २४च्या रात्रीपर्यंत कपाटात.

दुसरं, कुलकुल (नाताळचा तळलेला गोड पदार्थ) करायला त्यांना बसवा. सहनशीलता शिकवायला मला यापेक्षा चांगली जागा माहीत नाही. अर्धा किलो मैदा, दोन अंडी, नारळाचं दूध, साखर, चिमूट मीठ, पीठ घट्टसर मळून अर्धा तास झाकून ठेवलेलं. गोटीएवढा गोळा घ्यायचा, तेलाचा हात लावलेल्या काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबून पसरायचा आणि टोकापासून गुंडाळत आणायचा. शेवटची कड नीट चेपली नाही तर तळताना उलगडतो. अर्ध्या किलोला दीड-दोन तास सहज जातात. विसाव्या मिनिटाला धाकटा उठतो, थोरली त्याच्या वाकड्या कुलकुलांना हसते, आणि मोठी माणसं ते हळूच मोडून पुन्हा वळतात. हे शेवटचं करू नका. त्याचे वाकडे आहेत तसेच तळा आणि पाहुण्यांच्या ताटलीत तेच ठेवा. उठला तर त्याला मोजायचं काम द्या, पुन्हा येऊन बसतो. सगळ्यांचे फोन दुसऱ्या खोलीत, मोठ्यांचेही.

तरुणसंघ_भायखळा

मनापासून आभार. तक्ता रद्द! दोन शंका उरल्या. आठवड्याच्या बैठकीत या कागदांचं काय करायचं? एकमेकांना दाखवायचे का? आणि कॅरलफेरी आहेच, तिला यात कसं बसवायचं? मागे फेरीच्या वर्गणीवरूनच कुरबुर झाली होती.

गिरगाव_वाचक

कागद कुणी कुणाला दाखवायचा नाही. बैठक चाळीस मिनिटांची ठेवा. पाच मिनिटं उतारा, पाच मिनिटं शांतता, मग तिघा-तिघांचे गट, प्रत्येकाला सात मिनिटं. आपल्याबद्दलच बोलायचं, "माझा बॉस असा आहे म्हणून" सुरू झालं की बाकीच्या दोघांनी प्रेमाने थांबवायचं. बायका वेगळ्या, पुरुष वेगळे असं केलं तर लोक मोकळं बोलतात. सल्ला कुणी द्यायचा नाही. ऐकणाऱ्यांनी शेवटी त्या माणसासाठी एक-दोन वाक्यांची प्रार्थना करायची आणि तिथलं तिथेच सोडायचं. प्रार्थनाविनंतीच्या नावाखाली गोष्ट बाहेर फुटते, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट बोला. तिघांचा गट चारही आठवडे तोच ठेवा. रात्रपाळीच्या दोघींनी फोनवर जोडी करावी, तिसरी एखादी दिवसपाळीची.

परळकर

फेरीचं सांगतो. वर्गणीचा डबा सीलबंद, उघडताना दोन वेगवेगळ्या घरांतली माणसं हजर, आकडा तिथेच वहीत लिहून दोघांच्या सह्या, आणि पुढच्या रविवारी उपासनेत जाहीर वाचन. पैसे कशासाठी गोळा करतो आहोत ते फेरी सुरू व्हायच्या आधी ठरवा आणि प्रत्येक दारात सांगा. एवढं केलं की कुरबुरीला जागा उरत नाही. विश्वासूपणा शिकायचा तर हीच शाळा.

लाऊडस्पीकरवर रात्री दहाची मर्यादा आहेच. तुम्ही नुसत्या ढोलकी-गिटारवर जात असलात तरी साडेनऊला थांबा. इमारतीत शिरताना वॉचमनला विचारा: कुणी आजारी आहे का, कुणाकडे अलीकडे मयत झालंय का? जिथे मृत्यू झालाय ते घर टाळून पुढे जाऊ नका. चौघांनी वाद्यं खाली ठेवून वर जायचं, विचारायचं, आणि हो म्हणाले तर एक शांत गीत हळू आवाजात म्हणून यायचं. त्या दारात डबा पुढे करायचा नाही.

माझगावकर

एक राहिलं. कागद २४ला बंद करू नका, ६ जानेवारीपर्यंत चालवा. खरी कसोटी २५च्या दुपारपासून लागते: पाहुणे गेलेले, भांडी पडलेली, झोप अपुरी, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस. २६ ते ३१च्या ओळी आधीच आखून ठेवा, नाहीतर त्या राहतात. दोष तोच ठेवायचा. ६ला तिघांच्या गटाने पुन्हा एकदा बसून प्रत्येकाने एवढंच सांगावं की ठरवलेली कृती आता आठवण न करता होते का. होत असेल तर पुढचा दोष ईस्टरआधीच्या उपवासकाळाला घ्या. होत नसेल तर तोच कागद पुढे चालू.